‘स्त्री’ या शब्दाचे अधिकरण
एका ब्रिटिश निकालपत्राची भाषिक समीक्षा

१

ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ रोजी ‘फॉर विमेन स्कॉटलंड विरुद्ध स्कॉटिश मंत्री’ या खटल्यात दिलेले निकालपत्र विधिशास्त्राच्या अभ्यासकांनी जितक्या काळजीपूर्वक वाचावे, तितक्याच काळजीपूर्वक भाषेच्या अभ्यासकांनीही वाचावे, अशा योग्यतेचे आहे. ८८ पृष्ठांच्या या निकालपत्रात प्रश्न एकच आहे : २०१० च्या समता अधिनियमात ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ काय? पाच न्यायाधीशांनी एकमताने उत्तर दिले की, त्या अधिनियमापुरता हा शब्द जैविक लिंगाचा, म्हणजे जन्मकालीन लिंगाचा, वाचक आहे; कायद्याने दिलेल्या मान्यतापत्रामुळे बदललेल्या लिंगाचा नव्हे.

परंतु या प्रश्नाच्या मागे एक दुसरा, अधिक तप्त प्रश्न उभा होता. जन्मतः पुरुष म्हणून नोंद झालेल्या, परंतु स्त्री म्हणून जीवन जगणाऱ्या व्यक्तींना (यापुढे त्यांचा उल्लेख ‘पारलिंगी स्त्रिया’ असा करू) केवळ स्त्रियांसाठी राखलेल्या जागांत प्रवेश असावा की नसावा? शौचालये, कपडे बदलण्याच्या खोल्या, रुग्णालयांतील कक्ष, अत्याचारपीडित स्त्रियांची आश्रयगृहे, तुरुंग आणि क्रीडास्पर्धा यांविषयी ब्रिटनमध्ये अनेक वर्षे चाललेला वाद या निकालाने संपला, असे दोन्ही पक्षांच्या पुष्कळ लोकांनी मानले. एका पक्षाने ते आनंदाने मानले, दुसऱ्याने दुःखाने. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, शब्दाचा अर्थ ठरविणे आणि जागेचा नियम ठरविणे ही दोन भिन्न कार्ये आहेत. निकालपत्राने पहिले कार्य बव्हंशी समर्थपणे केले आहे. मात्र पहिल्याने दुसरे आपोआप सिद्ध होते हा समज निकालपत्रातच टिकत नाही. हा समज निर्माण होण्याचे कारण भाषिक आहे, म्हणून त्याचे विवेचन या पत्रिकेत अप्रस्तुत ठरू नये.

२

प्रथम खटल्याचा उगम पाहू. स्कॉटलंडच्या विधिमंडळाने २०१८ मध्ये सार्वजनिक मंडळांवरील स्त्रियांचे प्रतिनिधित्व वाढविण्यासाठी एक अधिनियम केला. मंडळाच्या अकार्यकारी सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, हे त्याचे उद्दिष्ट. त्यात ‘स्त्री’ या शब्दाच्या कक्षेत पारलिंगी स्त्रियांचाही समावेश केला होता. समतेचा विषय स्कॉटलंडच्या विधिमंडळाच्या अधिकाराबाहेरचा असल्याने ही व्याख्या २०२२ च्या फेब्रुवारीत तेथील वरिष्ठ न्यायालयाने रद्द ठरविली. मग शासनाने सुधारित मार्गदर्शिका काढली. तिच्यात म्हटले होते की, ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ समता अधिनियमातलाच घ्यावा. पण २००४ च्या लिंगमान्यता अधिनियमानुसार ज्या व्यक्तीला स्त्री म्हणून पूर्ण मान्यतापत्र मिळाले आहे, ती व्यक्ती त्या अर्थात येते. या वाक्यावर पुन्हा आव्हान आले. २०२२ च्या डिसेंबरात आणि २०२३ च्या नोव्हेंबरात स्कॉटलंडच्या न्यायालयांनी शासनाचा अर्थ ग्राह्य धरला. सर्वोच्च न्यायालयाने तो अग्राह्य ठरविला.

हे सर्व मराठीत सांगू लागताच एक अडचण पुढे येते. इंग्रजीतील ‘सेक्स’ आणि ‘जेंडर’ या दोन्ही शब्दांसाठी आपण परंपरेने ‘लिंग’ हा एकच शब्द वापरतो, आणि व्याकरणातील लिंगालाही तोच. अलीकडे ‘जेंडर’साठी ‘लिंगभाव’ हा शब्द रूढ होत आहे. त्याने काही सोय झाली आहे, पण गुंता सुटलेला नाही. इंग्रजीतही तो सुटलेला नाही. ‘जेंडर’ हा तेथे मुख्यतः व्याकरणाचा शब्द होता. १९५५ च्या सुमारास जॉन मनी यांच्या लेखनातून तो व्यक्तीच्या सामाजिक भूमिकेला लावला जाऊ लागला. २००४ च्या अधिनियमाच्या नवव्या कलमात तर मुख्य वाक्य ‘जेंडर’ बदलण्याविषयी बोलते आणि त्याच वाक्याच्या कंसातला भाग ‘सेक्स’ बदलण्याविषयी. एकाच वाक्यात दोन शब्द समानार्थी म्हणून वापरणारा विधिलेखक पुढच्या पिढीसाठी खटला लिहून ठेवतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

व्याकरणातील लिंग आणि लोकव्यवहारातील लिंग यांचा संबंध काय, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. पाणिनीच्या चौथ्या अध्यायाच्या आरंभी येणाऱ्या स्त्रीप्रत्ययांच्या अधिकारसूत्रावर पतंजलीने केलेली चर्चा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. शरीराच्या दृश्य चिन्हांवरून स्त्री कोण व पुरुष कोण हे ठरवावे, असा पक्ष तेथे प्रथम मांडला जातो. लगेच त्यावर आक्षेप येतात. स्त्रीवेष धारण करणारा नट, ज्याला ‘भ्रूकुंस’ म्हणतात, त्याच्या ठिकाणी ही चिन्हे दिसतात. मग त्याच्या वाचक शब्दाला स्त्रीप्रत्यय लावावा काय? आणि खाट किंवा वृक्ष यांच्या ठिकाणी तर कोणतीच चिन्हे नाहीत. मग त्यांच्या वाचक शब्दांना लिंग कोठून येते? पत्नी या एकाच अर्थाचे ‘दार’, ‘भार्या’ आणि ‘कलत्र’ हे शब्द अनुक्रमे पुल्लिंगी, स्त्रीलिंगी आणि नपुंसकलिंगी असतात. आपल्या मराठीतही ‘बायको’ ती आणि ‘कुटुंब’ ते. या चर्चेतून पतंजली ज्या निष्कर्षाला येतो, तो महत्त्वाचा आहे. वैयाकरणाला लौकिक लिंगावर भिस्त ठेवता येत नाही. त्याला आपल्या शास्त्रापुरता आपला स्वतःचा सिद्धान्त, ज्याला तो ‘स्वकृतान्त’ म्हणतो, स्वीकारावा लागतो.

शास्त्राने आपल्या प्रयोजनासाठी शब्दाला अर्थ नेमून द्यावा आणि त्याची मर्यादा जाणावी, हा तो धडा होय. ब्रिटिश न्यायालयाने तो घेतला आहे काय, हा आता आपला प्रश्न आहे.

३

निकालपत्र लॉर्ड हॉज, लेडी रोज आणि लेडी सिमलर यांनी संयुक्तपणे लिहिले असून लॉर्ड रीड व लॉर्ड लॉइड-जोन्स यांनी त्याला संमती दिली आहे. आरंभीच न्यायालय आपले कार्यक्षेत्र आखून घेते. ‘स्त्री’ म्हणजे काय यावरच्या सार्वजनिक वादात निवाडा करणे हे आपले काम नव्हे. समता अधिनियमाच्या तरतुदींत तो शब्द येतो तेथे त्याचा अर्थ सांगणे एवढेच आपले काम आहे, अशा आशयाचे विधान दुसऱ्याच परिच्छेदात आहे. हा स्वकृतान्तच आहे.

त्यानंतरची युक्तिवादाची मांडणी आपल्या न्यायशास्त्राच्या परिभाषेत सहज सांगता येते. लक्षणाचे, म्हणजे व्याख्येचे, तीन दोष नैयायिकांनी सांगितले आहेत : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. ‘मान्यतापत्रानुसार जे लिंग तेच लिंग’ ही व्याख्या घेतली तर काय होते, हे न्यायालय एकेका तरतुदीवर तपासून पाहते. गर्भारपण आणि प्रसूती यांसंबंधीची संरक्षणे अधिनियमात ‘स्त्री’ हा शब्द वापरून दिलेली आहेत. जन्मतः स्त्री असलेल्या, पण पुरुष म्हणून मान्यतापत्र मिळविलेल्या व्यक्तीला गर्भ राहिला, तर या व्याख्येनुसार ती ‘पुरुष’ ठरते आणि गर्भवतीला मिळणारे संरक्षण तिला मिळत नाही. ही अव्याप्ती. उलट, केवळ स्त्रियांसाठी असलेल्या सेवांच्या तरतुदींत मान्यतापत्रधारक पारलिंगी स्त्री आत आणि मान्यतापत्र नसलेली तशीच दुसरी स्त्री बाहेर, अशी विभागणी होते. दिसण्यात व वागण्यात त्या दोघींत भेद नाही. मान्यतापत्राची माहिती गोपनीय. मग सेवा चालविणाऱ्याने हा भेद करावा कसा? व्याख्येने जो वर्ग निर्माण होतो त्याला व्यवहारात ओळखताच येत नाही.

मग काही तरतुदींत एक अर्थ व काहींत दुसरा, असे का करू नये? न्यायालय हा पर्याय नाकारते. एकाच अधिनियमात, एकाच व्याख्याकलमाने बांधलेला शब्द जागोजागी निरनिराळा अर्थ देऊ लागला तर नागरिकाला आपली कर्तव्ये कळणार नाहीत. मीमांसक ज्याला एकवाक्यता म्हणतात, तिचाच हा आग्रह होय. निकालपत्राचे खरे सामर्थ्य या भागात आहे. येथे शब्दाचा अर्थ कोशातून आलेला नाही; संपूर्ण अधिनियम ज्या अर्थाने सुसंगत रीतीने चालतो, तो अर्थ निवडला आहे.

४

निकालपत्राचा कच्चा दुवाही येथेच दाखविता येतो. अधिनियमाच्या व्याख्याकलमात ‘जैविक’ हा शब्द नाही. ‘स्त्री’ म्हणजे कोणत्याही वयाची मादी, असा त्याचा शब्दशः आशय आहे. म्हणजे एका शब्दाचा भार दुसऱ्यावर टाकला आहे. न्यायालय म्हणते की, ‘जैविक’ हा शब्द नसला तरी या साध्या व असंदिग्ध शब्दांचा सामान्य अर्थ जैविक भेदाशीच जुळतो आणि तो स्वयंस्पष्ट मानलेला आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला साधा आहे. हेच शब्द वाचून स्कॉटलंडच्या न्यायाधीशांनी दोनदा वेगळा अर्थ काढला होता. ज्या शब्दाबाबत विद्वान वाचकांत असा मतभेद होतो, तो शब्द चुकीने वाचला गेला असे म्हणता येईल. तो स्वयंस्पष्ट होता असे म्हणणे कठीण आहे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. एकवाक्यतेचा युक्तिवाद शब्दाला पारिभाषिक अर्थ देतो. सामान्य अर्थाचा युक्तिवाद लौकिक अर्थ देतो. पारिभाषिक अर्थ अधिनियमाच्या सीमेत राहतो. लौकिक अर्थाला सीमा नसते. तो रस्त्यावर, घरात, वर्तमानपत्रात सर्वत्र तोच असतो. न्यायालयाने एकीकडे आपला निर्णय अधिनियमापुरता आहे असे सांगितले आणि दुसरीकडे तो अर्थ सर्वसामान्य भाषेचाच आहे असेही सांगितले. या दोन पायांवर एकाच वेळी उभे राहता येते. पण वाचक मात्र दुसऱ्याच पायाकडे पाहतो. न्यायालयाने केवळ एकवाक्यतेवर निर्णय आधारला असता, तर निर्णय तोच राहिला असता आणि त्याची मर्यादा अधिक ठळक झाली असती.

तिसरी गोष्ट ‘सर्व’ या शब्दाची. २००४ च्या अधिनियमाने मान्यतापत्रधारकाचे लिंग ‘सर्व प्रयोजनांसाठी’ बदलते असे म्हटले आणि त्याच कलमात पुढे, हे इतर अधिनियमांच्या अधीन आहे, असेही म्हटले. दुसऱ्या वाक्याचा आधार घेऊन न्यायालयाने पहिले संकुचित केले. ‘सर्व’ या शब्दाची व्याप्ती नेहमीच संदर्भाने मर्यादित होते, हे भाषाशास्त्राला मान्य आहे. ‘सर्व जेवले’ असे आपण म्हणतो तेव्हा पृथ्वीवरील सर्व माणसे अभिप्रेत नसतात. त्यामुळे हे अर्थग्रहण अशास्त्रीय नाही. तथापि, युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २००२ मध्ये ‘गुडविन’ खटल्यात ब्रिटनला दोष दिल्यानंतर हा अधिनियम झाला होता, आणि ‘सर्व’ या शब्दावर विश्वास ठेवून अनेकांनी आपले आयुष्य रचले होते. त्यांच्या दृष्टीने हे संकोचन केवळ अर्थविचाराचा विषय नव्हे, हे समीक्षकाने विसरू नये.

५

आता जागांकडे वळू. व्याख्येने दाराचा प्रश्न सुटतो हा समज निकालपत्रातील एकाच स्थळी कसा ढासळतो, ते पाहण्यासारखे आहे.

जन्मतः स्त्री असलेला पारलिंगी पुरुष न्यायालयाच्या व्याख्येनुसार ‘स्त्री’ आहे. मग त्याला केवळ स्त्रियांच्या जागेत प्रवेश मिळावा काय? व्याख्येचे उत्तर ‘होय’ असे येते. परंतु न्यायालय म्हणते की, लिंगबदलाच्या प्रक्रियेमुळे ज्याचे रूप पुरुषी झाले आहे अशा व्यक्तीच्या उपस्थितीला त्या सेवेच्या संदर्भात वाजवी आक्षेप असेल, तर तिलाही वगळणे प्रमाणशीर ठरू शकते. येथे विचार जन्मकालीन देहाचा राहिला नाही. तो दृश्य रूपाचा, आणि आतल्या स्त्रियांना काय वाटेल याचा झाला. म्हणजे पतंजलीचा भ्रूकुंस व्याख्येच्या दारातून बाहेर घालविला, तो प्रमाणशीरतेच्या खिडकीतून परत आला. हा न्यायालयाचा प्रमाद नव्हे. दाराशी जे घडते ते शब्दार्थाने नियंत्रित होत नाही, प्रयोजनाने होते, याची ही अप्रत्यक्ष कबुली आहे.

अधिनियमाची रचनाही तेच सांगते. एकलिंगी सेवा चालविण्याची मुभा अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात आहे, आणि तिला ‘उचित उद्दिष्टासाठी प्रमाणशीर उपाय’ ही अट आहे. अधिनियमासोबतच्या स्पष्टीकरणात दिलेले उदाहरण बोलके आहे : लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या स्त्रियांचे सामूहिक समुपदेशन. पारलिंगी स्त्री तेथे आली तर इतर स्त्रिया बहुधा येणार नाहीत, असे चालकांना वाटले तर तिला प्रवेश नाकारणे कायदेशीर आहे. हे उदाहरण २०१० पासूनचे आहे. त्यासाठी २०२५ च्या व्याख्येची वाट पाहावी लागली नव्हती. येथे युक्तिवाद ‘ती स्त्री नाही’ असा नाही. ज्या स्त्रियांसाठी ही खोली आहे त्या खोलीत येऊ शकल्या नाहीत तर खोलीचे प्रयोजनच नष्ट होते, असा आहे. अशा स्त्रीने आपली भीती सप्रमाण सिद्ध करावी, असे तिला सांगणे क्रूरपणाचे होईल. तिची मागणी पूर्वग्रह म्हणून निकालात काढणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

याच्या दुसऱ्या टोकाला १९९२ च्या कार्यस्थळ-नियमांतील शौचालयाची तरतूद आहे. पुरुष व स्त्रिया यांच्यासाठी वेगळी शौचालये असावीत; परंतु प्रत्येक शौचालय ही स्वतंत्र खोली असेल आणि तिचे दार आतून बंद करता येत असेल, तर ही विभागणी आवश्यक नाही, असा तो नियम. जेथे कडी हे काम करते तेथे व्याख्येची गरज उरत नाही. पुरुषांच्या शौचालयात जाणे जिच्यासाठी धोक्याचे आहे, आणि वर्षानुवर्षे स्त्रियांच्या शौचालयात कोणाच्या ध्यानातही न येता जी जात आली आहे, अशा पारलिंगी स्त्रीचा प्रश्न येथे स्त्रियांच्या हक्कांना धक्का न लावता सुटतो. तिची मागणी म्हणजे बतावणी, असे म्हणणाऱ्यांनी या नियमाचा विचार करावा.

या दोन टोकांमध्ये खरा वाद आहे : उघड्या कपडेपालट-खोल्या, रुग्णालयातील कक्ष, तुरुंग. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १ जून २०२५ पासून पारलिंगी स्त्रियांना स्त्रियांच्या सामन्यांतून वगळले. खेळात प्रयोजन पुन्हा वेगळे, तेथे लज्जेचा नव्हे तर बळाच्या तुल्यतेचा विचार असतो. प्रत्येक ठिकाणी विचारायचा प्रश्न असा : ही जागा वेगळी कशासाठी ठेवली आहे, आणि अमुक व्यक्तीच्या प्रवेशाने ते प्रयोजन बाधित होते काय? या प्रश्नाचे उत्तर काही ठिकाणी पारलिंगी स्त्रियांच्या विरुद्ध जाईल, काही ठिकाणी त्यांच्या बाजूने. पण ते उत्तर कोणत्याही कोशात मिळणार नाही.

६

शब्दाची व्याप्ती आणि जागेचा नियम परस्परांवर अवलंबून नाहीत, याचा आणखी एक पुरावा आपल्याच देशात आहे. ब्रिटिश निकालाच्या अकरा वर्षे व एक दिवस आधी, १५ एप्रिल २०१४ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात निर्णय दिला. न्यायमूर्ती राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती सिकरी यांनी पारलिंगी व्यक्तीला आपली ओळख स्त्री, पुरुष वा तृतीयपंथी अशी स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरणे बेकायदेशीर ठरविले. शब्द इतका विस्तृत केला. आणि त्याच निर्णयात शासनाला आदेश दिला की, या व्यक्तींसाठी स्वतंत्र सार्वजनिक शौचालये उपलब्ध करावीत. म्हणजे भारतात शब्द रुंद झाला, तरी जागेचा विचार वेगळाच केला गेला. ब्रिटनमध्ये शब्द अरुंद झाला, तरी प्रमाणशीरतेची कसोटी दाराशी उभीच राहिली. स्वतंत्र जागेचा मार्ग निर्दोष आहे असे नाही. अशा खोलीत शिरणारी व्यक्ती शिरताच ओळखली जाते, आणि ज्या गावात तशी खोलीच नाही तेथे हक्क कागदावर राहतो. परंतु दोन देशांच्या दोन न्यायालयांनी, शब्दाबाबत विरुद्ध दिशांना जाऊनही, जागेचा प्रश्न शब्दात विरघळू दिला नाही, हे लक्षणीय आहे.

मग हा समज पसरतो कसा? येथे आपण लेखाच्या शीर्षकाकडे येतो. ‘समता अधिनियमात स्त्री या शब्दाचा अर्थ जैविक स्त्री असा आहे’ या वाक्यात ‘अधिनियमात’ हे सप्तम्यन्त पद आहे. व्याकरणाच्या भाषेत ते वाक्याचे अधिकरण, म्हणजे क्रियेचा आधार, सांगते. वाक्य एका मुखातून दुसऱ्या मुखात जाताना पहिली झीज या पदाची होते. ‘न्यायालयाने स्त्रीची व्याख्या केली’, ‘स्त्री म्हणजे काय ते ठरले’, अशी वाक्ये उरतात. अधिकरण गळाले की नियम सिद्धान्त होतो आणि सिद्धान्त घोषणा होते. ही झीज विजयी पक्षाने केली तशी पराभूत पक्षानेही केली. कारण ‘न्यायालयाने आम्हांला स्त्री म्हणणे नाकारले’ या दुःखोद्गारातही तेच पद गळालेले आहे. निकाल वाचून दाखविताना लॉर्ड हॉज यांनी, हा एका गटाचा दुसऱ्यावर विजय समजू नये, असा इशारा दिला होता. पारलिंगी व्यक्तींना लिंगबदलाच्या वैशिष्ट्याखाली मिळणारे संरक्षण कायम आहे, हेही न्यायालयाने स्पष्ट केले होते. ही वाक्ये सप्तमीच्या त्याच पदावर टेकलेली आहेत. ते पद गळाले की त्यांनाही आधार राहत नाही.

आपल्या विभागातून पदवी घेऊन बाहेर पडणारे पुष्कळ विद्यार्थी वृत्तपत्रांत, शासनाच्या भाषा विभागांत आणि न्यायालयीन अनुवादाच्या कामात जातात. अशा विषयावरील निकाल मराठीत आणण्याचे काम उद्या त्यांच्यापैकी कोणाकडे येईल. ‘सेक्स’, ‘जेंडर’ व व्याकरणातील लिंग यांसाठी कोणते शब्द योजावेत, हा निर्णय त्यांना करावाच लागेल, आणि तो सोपा नाही. परंतु त्याआधी करावयाचे एक काम सोपे आहे, व ते टाळण्यास कोणतीही सबब नाही : ‘या अधिनियमात’ हे पद मूळ वाक्यात असेल, तर ते अनुवादातही ठेवावे, आणि मथळ्यात जागा नाही म्हणून गाळू नये.